सोयराबाईच्या चौदा चाव्या

सोयराबाईच्या जगलीवर चौदा खिळे होते. जगली म्हणजे रस्त्याकडचा ओटा. त्या चौदा खिळ्यांवर अग्रहारातल्या, म्हणजे आमच्या ब्राह्मण वस्तीतल्या, चौदा पोरांचे जबडे टांगलेले आहेत, असं आम्ही म्हणायचो. खरं तर त्या चाव्या होत्या. टाचणीहून जराशी जाड, वाकवलेली तार, तिला दोऱ्याचा फासा आणि फाशात बोटभर कापडाची पट्टी. नवख्या माणसाला वाटावं, ही बाई करणी-बिरणी करते की काय.

एकोणऐंशी सालची गोष्ट. शेषगिरी डॉक्टर दातांचं मोठं शिक्षण घेऊन परत आले होते आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी दवाखाना थाटला होता. त्यांच्याकडे एक नवीन चीज होती, जबडा रुंद करायची प्लेट. वरचा जबडा अरुंद असला की दातांना जागा पुरत नाही, ते एकमेकांच्या मांडीवर बसतात. डॉक्टर म्हणायचे, दात उपटायचे कशाला, जागाच वाढवू. टाळूला बसणारी गुलाबी प्लेट, मधोमध कापलेली, आणि कापलेल्या फटीत एक बारीक स्क्रू. स्क्रूला भोक. त्यात चावी घालून बाणाच्या दिशेनं ढकलायची. पुढचं भोक दिसलं की पाव फेरा झाला. आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी, पाव पाव फेरा. प्लेट केसभर रुंद होते, तिच्यामागून जबडा.

ऐकायला सोपं आहे. आया मात्र डॉक्टरांना पुरून उरल्या. कुणी चावी उलटी फिरवली. कुणी अर्धवट ढकलून तशीच ओढून काढली, की स्क्रू होता तिथे मागे. एकीची चावी तांदळाच्या डब्यात गेली ती पोंगलच्या वेळी सापडली. आणि आमच्यासारख्या मठाचं सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरांत तर वेगळीच अडचण. प्लेट तोंडातून बाहेर आली की ती उष्टी. तिला हात लावणार कोण? माझी भाची तुंगा तेव्हा अकरा वर्षांची. तिची प्लेट पहिल्यांदा घरी आली तेव्हा माझ्या आईनं ती लांबूनच पाहिली आणि विचारलं, "हे स्वयंपाकघराच्या कुठल्या बाजूला ठेवणार?"

"तोंडात ठेवणार," मी म्हटलं.

"आणि चावी फिरवताना?"

ते काम खरं तुंगाच्या आईचं, माझ्या वहिनीचं, जयलक्ष्मीचं. ती सोवळ्यात असायची सकाळी, आणि संध्याकाळी तिला भीती वाटायची. तिचा नवरा, म्हणजे माझा भाऊ, फिरतीवर. मी कॉलेजात शिकवत होते, वनस्पतिशास्त्र, पण माझा हात असल्या बारीक कामाला थरथरतो, हे मी लपवत नाही.

सोयराबाईचं नाव डॉक्टरांना कसं सुचलं, तेही सांगते. त्यांच्या पांढऱ्या कोटाचं काज उसवलं होतं. ते समोर सोयराबाईकडे गेले. तिनं चष्मा न लावता, बोलता बोलता, एका झटक्यात सुईत दोरा ओवला आणि डॉक्टर तिच्या बोटांकडे बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी एक प्लेट आणि एक चावी घेऊन आले. तिनं चावी घातली, ढकलली, पुढचं भोक दिसेपर्यंत नेली आणि अलगद काढली. स्क्रू जागचा हलला नाही. डॉक्टर म्हणाले, "कॉलेजात आम्हाला हे शिकायला आठवडा लागला होता."

"तुम्ही काजं केली नसतील," सोयराबाई म्हणाली.

तिनं मात्र आयुष्यभर काजंच केली होती. नंजनगूडहून सोळाव्या वर्षी सून म्हणून आली ती शिंप्यांच्या भरल्या दुकानात. नवरा लवकर गेला. दुकान दिराचं, अंबाजीरावांचं. माप ते घेणार, कात्री ते चालवणार, मशीनवर त्यांचे मुलगे. सोयराबाईकडे काजं, हुक आणि हातशिलाई. दसऱ्याच्या बँडवाल्यांच्या कोटांची काजं तिनं चाळीस वर्षं केली, आणि एक कोट म्हणून तिनं पहिल्या मापापासून शेवटच्या गुंडीपर्यंत केला नाही. कात्रीला हात लावू का, असं एकदा तिनं विचारलं होतं म्हणे. अंबाजीराव हसले होते. त्यावर तिनं पुन्हा विचारलं नाही आणि ते हसणं विसरलीही नाही.

म्हणून त्या चाव्या. पोर डॉक्टरांकडून प्लेट घेऊन आलं की पहिल्या फेऱ्यापासून शेवटच्या फेऱ्यापर्यंत सोयराबाईचं. मध्ये कुणी दीर नाही, पुतण्या नाही. तिला वाचता येत नसे, तेव्हा प्रत्येक पोराच्या जुन्या झग्याची किंवा सदऱ्याची पट्टी ती चावीला बांधायची. तुंगाची पिवळी, फुलाफुलांची. फेरा झाला की पट्टीवर एक टाका. झाला फेरा, घातला टाका. तेच तिचं रजिस्टर.

आयांना जे डॉक्टरांकडून कळलं नाही ते तिच्याकडून कळलं. "वाढत्या अंगाचं शिवतो की नाही आपण? आत दाब ठेवतो, पोर वाढलं की उसवतो? देवानं पण ठेवलाय. फक्त उसवायला माणूस पाहिजे." तिच्या स्वतःच्या तोंडात तेव्हा सातच दात होते, तेही पानानं रंगलेले. पण ती ते सात दात दाखवत अशा ऐटीत बोलायची की कुणाला शंका यायची नाही.

उष्ट्याचं प्रकरणही तिनं निकालात काढलं. एका वाडग्यात पाणी, एक धुतलेला पंचा, मांडीवर प्लेट. "थुंकी काय, सगळ्यांची ओलीच असते," म्हणायची. ज्या घरांत तिला पाणी वरून ओतून देत, त्या घरांतल्या पोरांची थुंकी तिच्या मांडीवर. मला हे तेव्हाही दिसत होतं. बोलले नाही, हे लिहून टाकते.

आता एकादशी. सोयराबाईच्या घरी रीत होती की एकादशीला सुई चालवायची नाही. मशीनवर चादर. सुया, कात्र्या, अंगुस्तान, सगळं विठोबाच्या तसबिरीपुढे पाटावर. चाव्या आल्या तशा त्याही पाटावर जायला लागल्या. बाईची भक्ती होती, त्यात खोट नाही. पण पंधरा दिवसांतला तो एकच दिवस असा की अंबाजीराव तिला "हे एवढं करून दे" म्हणू शकत नसत. चाळीस वर्षांत तिनं एक एकादशी मोडली नव्हती. का मोडेल?

एकादशी बुधवारी किंवा शनिवारी आली तर त्या दिवशी फेरा चुके. तसं क्वचितच होई. पण तुंगानं हे हेरलं.

फेरा झाला की एक दिवस दात ठणकतात. घट्ट नवा जोडा चावतो तसे. आणि शनिवारी अर्धी शाळा, घरी वहिनीची कोडबळी. कुरकुरीत, गोल, तिखट. ठणकत्या दातांनी कोडबळं खाता येत नाही. पोरगी कडेला बसून इतरांच्या तोंडाचे आवाज ऐकायची. अन्याय होता, मी मान्य करते.

एका शुक्रवारी ती माझ्याकडे पंचांग घेऊन आली. "आत्या, आपली एकादशी आणि सोयरक्काची एकादशी वेगळी का?"

मी सांगितलं. आमच्या मठाचं पंचांग वेगळं, त्यांच्या देवळातलं वेगळं. कधी दोघांची एकाच दिवशी, कधी आमची एक दिवस पुढे. दशमीचा वेध, सूर्योदय, सगळं समजावलं. पोरगी इतकं लक्ष देऊन ऐकत होती की मला वाटलं, हिला खगोलाची गोडी लागली. आईला वाटलं, देवाची. रोज सकाळी दात घासायच्या आधी पंचांग उघडणारी नात पाहून तिनं तिला आपली जुनी तुळशीची माळ दिली. दोघीही शिकलेल्या-सवरलेल्या, दोघींनाही अकरा वर्षांच्या पोरीनं गुंडाळलं.

ती शनिवारी सोयराबाईकडे जायची आणि पडल्या चेहऱ्यानं सांगायची, "सोयरक्का, आमच्याकडे आज."

"काल आमची झाली की."

"तुमची काल. मठाची आज. आमच्यात एकादशीला तोंडात लोखंड फिरवलेलं चालत नाही."

सोयराबाई दुसऱ्याच्या व्रताला हात घालणारी नव्हती. पट्टीवर टाक्याची जागा मोकळी सोडायची आणि म्हणायची, "जा तुंगम्मा. सुम्ने, मुकाट्यानं घरी जा, वाटेत काही खाऊ नकोस."

पुढे पुढे तुंगाला थाप मारायला आदल्या दिवसाची एकादशीही लागेना. हरिवासर, अमक्या स्वामींची आराधना, तमका वेध. घरी कुणी विचारायचं नाही, कारण विचारायचं तर प्लेट काढायला लावावी लागली असती आणि ती उष्टी.

चार महिन्यांनी डॉक्टरांनी बोलावलं. मीच घेऊन गेले. त्यांनी दोन टोकांच्या मापणीनं तुंगाच्या प्लेटची फट मोजली, कागदावर पाहिलं, परत मोजली.

"चौतीस फेरे व्हायला हवे होते. पंचवीस झालेत."

"स्क्रू मागे गेला असेल," मी म्हटलं.

"सोयराबाईच्या हातून नाही जात. ती विसरते आहे. बाकीच्यांचेही दोन-दोन कमी आहेत, ते मी चालवून घेतलं. पण नऊ?" त्यांनी चष्मा काढला. "वय झालं तिचं. चाव्या परत घ्याव्या लागतील. आयांनाच शिकवतो."

तुंगा खुर्चीत बसली होती, पाय हलवत होती. पाय थांबले.

डॉक्टरांनी कंपाउंडरला समोर पाठवलं. सोयराबाई आली ती तुंगाची पिवळी पट्टी हातात घेऊनच. पदर खोचलेला, कानाला दोरा लावलेला. खुर्चीवर बस म्हटलं तरी बसली नाही.

"किती टाके आहेत त्यावर?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्हीच बघा की. मी घातलेत, मी मोजले तर तुम्ही म्हणाल हिनंच मोजले."

डॉक्टरांनी मोजले. पंचवीस. आणि मध्ये मध्ये नऊ जागा मोकळ्या, एकसारख्या, जणू मापून सोडलेल्या.

"या नऊ कसल्या?"

"एकादश्या."

"चार महिन्यांत एकादश्या आठ येतात, सोयराबाई. त्यातल्या बुधवारी-शनिवारी आल्या असतील दोन."

"दोन आमच्या. सात..." असं म्हणून ती थांबली. तिनं तुंगाकडे पाहिलं. एकदाच. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "सात माझ्या चुकीच्या. मी मठात विचारून यायला पाहिजे होतं."

मला तेव्हा कळलं. कळायला इतका वेळ लागला याची लाज वाटली, पण तुंगाची माळ गळ्यात लोंबत होती ती बघून हसूही आलं. मी ते दाबलं.

डॉक्टर म्हणाले, "हे बघा, मला भांडायचं नाही. एक तर एकादशीलाही फेरा द्या, तुमच्या आणि कुणाच्याही. नाहीतर चाव्या आणून द्या. औषध उपास बघत नाही."

सोयराबाईनं कानामागचा दोरा काढला, बोटाला गुंडाळला, सोडला. मी तिला तेवीस वर्षं ओळखत होते. हात रिकामा वळवळताना कधी पाहिला नव्हता. चाव्या गेल्या तर उरली काजं. एकादशी गेली तर अंबाजीरावांना वर्षातले आणखी चोवीस दिवस. तिनं पदर सोडला.

"आणून देते," ती म्हणाली, आणि निघाली.

"थोयलक्का, थांब," तुंगा बोलली. तोंडात प्लेट असली की तिचे शब्द असे बाहेर पडायचे. मग प्लेट काढून मुठीत धरून, लाळ पुसत, तिनं सगळं सांगितलं. मठ, पंचांग, कोडबळी. एक वाक्य गाळलं नाही. लबाड होती, पण अर्धवट काम करणारी नव्हती.

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. मी छताकडे.

सोयराबाई मात्र शांत. "मला वाटलंच होतं काहीतरी. मागच्या शनिवारी एकादशी म्हणाली आणि तुमच्या घरातनं तळणीचा वास रस्त्यापर्यंत. मी म्हटलं, मठानं सूट दिली असेल. मोठ्या लोकांचे मठ."

मी तुंगाच्या गळ्यातली माळ झग्याच्या आत सारली.

"ते ठीक आहे," डॉक्टर म्हणाले, "पण तुमच्या दोन एकादश्या खऱ्याच आहेत. त्या दिवशी चौदा पोरांचा फेरा चुकतो. त्याचं काय?"

सोयराबाई आता बसली. खुर्चीवर नाही, दाराच्या पायरीवर.

"डाक्टर, बुधवार-शनिवार कुणी ठरवलं?"

"मी."

"का?"

"का म्हणजे? आठवड्यातून दोनदा. लक्षात राहायला सोपं."

"दाताला वार कळतो?"

"नाही."

"मग त्याला तीन-चार दिवसांनी एक फेरा मिळाला की झालं ना?"

"झालं," डॉक्टर सावधपणे म्हणाले.

तिनं बोटांची पेरं मोजली. "चौथ, अष्टमी, बारस आणि पुनव. मग परत चौथ, अष्टमी, बारस, अवस. मधलं अंतर कधी तीन, कधी चार. एकादशी मध्येच राहते, बाजूला. तिला कुणी शिवत नाही."

डॉक्टरांनी कागद ओढला. लिहिलं, खोडलं, बेरीज केली. "पंधरा दिवसांत चार," ते पुटपुटले. "तेवढेच पडतात." मग त्यांना वाद घालायची हुक्की आली. "अवसेला चालेल? आयांना चालणार नाही."

"अवसेला दात काय भूत बघतो?"

"आणि चतुर्थीचा उपास असतो."

"तो गणपतीचा. त्यानं सुईबद्दल काही सांगितलं नाही. आणि त्याला दाताचं दुःख तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक."

कंपाउंडर आत जाऊन हसला. डॉक्टरांनी चष्मा लावला, पट्टी तिच्या हातात परत दिली आणि म्हणाले, "चाव्या राहू द्या तुमच्याकडे."

एवढंच. आभार-बिभार दोघांनीही मानले नाहीत.

पुढच्या महिन्यापासून शेषगिरी डॉक्टरांच्या छापील कार्डावर वाराची जागा होती तिथे हातानं तिथी लिहिलेली असायची. दुसऱ्या गावाहून आलेल्या एका पाहुण्या डॉक्टरांनी ते कार्ड पाहून विचारलं होतं म्हणे की हा आयुर्वेदाचा दवाखाना आहे का. शेषगिरींनी सांगितलं, नाही, शिंप्याचा आहे.

पण तिथी कुठल्या तारखेला पडते, हे दर महिन्याला कुणी काढायचं? सोयराबाईला वाचता येत नाही, डॉक्टरांना वेळ नाही. दोघांनीही तुंगाकडे पाहिलं. पंचांगाचा एवढा गाढ अभ्यास दुसऱ्या कुणाचा होता? महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती जगलीवर बसून चौदा कार्डांवर तारखा लिहायची. स्वतःचं कार्ड सोयराबाई तिला सगळ्यात आधी लिहायला लावायची. आईला आम्ही खरं कधी सांगितलं नाही. नात चौदा घरांसाठी तिथी काढते, हे ती शेवटपर्यंत कौतुकानं सांगत राहिली.

तुंगाची प्लेट ठरल्यापेक्षा पाच आठवडे जास्त चालली. नऊ फेरे भरून काढायचे होते. त्या पाच आठवड्यांतही कोडबळी झाली, आणि वहिनीनं तिच्यासाठी ती दुधात भिजवून दिली. भिजवलेलं कोडबळं म्हणजे काय असतं, ते खाल्लेल्यालाच विचारा.

एक राहिलं. त्याच वर्षी दसऱ्याच्या आधी अंबाजीराव जगलीवर आले. त्यांच्या धाकट्या नातीचे दात पुढे येत होते, शेषगिरींनी प्लेट दिली होती. ते खिळ्यांकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, आमच्या पोरीचं तेवढं करून द्या."

"माप आणलंत?" सोयराबाईनं विचारलं. मान वर केली नाही.

पुढे तारा आल्या. दातांना चिकटवायच्या, चावी नाही, काही नाही. एकेक खिळा रिकामा होत गेला. प्लेटचं काम संपलं की ती पट्टी पोराला देऊन टाकायची. तुंगाची मात्र तिनं दिली नाही. "तुझी अजून राहिलीय," म्हणायची.

ती दिली लग्नात. तुंगा तेव्हा सव्वीसची, हेब्बाळच्या एका कारखान्यात नोकरीला, दात असे सरळ की फोटोवाला म्हणाला, जरा कमी हसा. सोयराबाई सत्तरीपलीकडची. मशीन, कात्री, माप, सगळं स्वतः करून तिनं एक ब्लाउज शिवून आणला होता. हिरवा, जरीकाठाचा. पहिल्या मापापासून शेवटच्या हुकापर्यंत तिचा एकटीचा. अंबाजीराव तेव्हा नव्हते, आणि कात्री कुणाला विचारून घ्यायची हा प्रश्न राहिला नव्हता.

तुंगानं तो घातला, आरशासमोर उभी राहिली आणि मग काखेजवळ चाचपलं. काहीतरी टोचत होतं. उलटा करून पाहिला. आतल्या दाबात पिवळी, फुलाफुलांची पट्टी शिवलेली. पांढऱ्या दोऱ्याचे टाके ओळीनं. आणि मधल्या सात मोकळ्या जागा आता भरलेल्या, लाल दोऱ्यानं, जरा जाड, गाठी वर ठेवलेल्या.

"सोयरक्का, हे टोचतंय," ती म्हणाली.

"टोचू दे," सोयराबाई म्हणाली. "आज एकादशी नाही."